गराजवरची खोली

"नीला, डोळे मीट!" दिगंबर शिडीवरून ओरडला, आणि मी डोळे मिटायच्या आतच छताचा एक तुकडा धाडकन खाली आला. त्याच्यामागून गुलाबी कापसाची लांबच लांब लड लोंबत आली, त्यामागून उंदराचं वाळलेलं घरटं आणि सगळ्यात शेवटी घर बांधल्यापासून साठलेली धूळ. दिगंबरच्या डोक्यावर, चष्म्यावर, मास्कवर. शिडी धरायचं काम माझ्याकडे होतं म्हणून मी जागची हलले नाही, एरवी केव्हाच घरात पळाले असते.

"सापडलं," मास्कच्या आतून आवाज आला.

"काय, गुप्तधन?"

"थट्टा नको. इकडे चढ आणि स्वतः बघ."

मी शिडीच्या दुसऱ्या बाजूने दोन पायऱ्या चढले. त्याने भोकातून टॉर्च मारला. वर गराजवरच्या बेडरूमच्या जमिनीची खालची बाजू दिसत होती, नुसत्या उघड्या फळ्या. थंडी अडवण्यासाठी घातलेलं इन्सुलेशन होतं, नाही असं नाही, पण ते सगळं घसरून खाली छताच्या पत्र्यासारख्या पातळ बोर्डावर येऊन पडलं होतं. फळ्या आणि इन्सुलेशन यांच्यामध्ये चांगली वीतभर पोकळी होती. आणि त्या पोकळीतून बाहेरचा वारा येत होता. सप्टेंबरचाच वारा, पण माझ्या कपाळावरचे केस हलले.

"बघितलंस? जमिनीला लागतच नाहीये ते," दिगंबर म्हणाला. "म्हणजे रजई आहे, पण अंगापासून वीतभर लांब टांगलेली. मधून वारा खेळतोय नुसता." मग थोडा वेळ तो टॉर्च तसाच धरून राहिला. "आईंचे पाय या वाऱ्यावर होते गं. एवढे दिवस."

या आई म्हणजे माझी आई. त्याची सासू. आणि त्याचा आवाज असा होता, की जणू यानेच फळ्या उचकटून वारा आत सोडला होता.

अमेरिकेतल्या आमच्या या पार्सिपनी गावात आमच्यासारखी घरं ढिगाने आहेत. खाली दोन गाड्यांचं गराज आणि त्याच्या डोक्यावर एक जादा बेडरूम. घर घेताना ती बेडरूम बघून सगळ्यांनाच हर्षवायू होतो, आणि पहिल्या हिवाळ्यात कळतं की ही खोली नावडत्या पाहुण्यांसाठी आहे. गराजला हीटिंग नसतं, त्यामुळे खोलीची हवा गरम असली तरी जमीन बर्फाची लादी. आम्ही तिथे इस्त्रीचं टेबल, जुने कंप्युटर आणि दिवाळीच्या माळा ठेवत होतो. गेल्या वर्षी आई आली तेव्हा मात्र तीच खोली तिला दिली, कारण बाथरूम तिथे लागून होती आणि खिडकीतून रस्ता दिसत होता.

आमची आई, गिरिजाबाई, मिरजेत मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. मी एकुलती एक. बाबा गेल्यापासून ती तिथल्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, आणि दर वर्षी मी "ये" म्हणते, दर वर्षी ती "बघू" म्हणते. गेल्या वर्षी अखेर आली. एप्रिलपर्यंत राहायचं ठरवून आली आणि जानेवारी संपायच्या आत परत गेली. कारण एकच सांगितलं. "पाय गारठतात गं. हाडात जाते थंडी."

ते कारण आम्हाला पटलं, कारण आई जमिनीवर जगणारी बाई आहे. आमच्या गुबगुबीत पलंगावर तिची कंबर धरायची, म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात गादी खाली घेतली. भाजी निवडणार ती जमिनीवर बसून, पोथी वाचणार ती जमिनीवर, एकटी पत्ते लावत बसणार तीही जमिनीवर पाय पसरून. आम्ही जाड रग टाकला, हीटर आणला. हीटर लावला की अर्ध्या घराचे दिवे जायचे, आणि दिवे राहिले तर आईला तो पेट घेईल अशी भीती वाटायची. शेवटी ती स्वेटरवर शाल आणि शालीवर दिगंबरचं जुनं जॅकेट घालून बसायला लागली. तरी तोंडाने अवाक्षर नाही. आईच्या पिढीत लेकीच्या घरी राहायचं ते पाहुण्यासारखं. भाजीत मीठ नसलं तरी "छान झालीय" म्हणायचं, आणि जावयासमोर तर तक्रारीचं नावच नाही. अशी बाई थंडी वाजते म्हणतेय म्हणजे थंडी भयंकरच असणार, असं गणित आम्ही दोघांनी मांडलं. दोघं इंजिनियर ना आम्ही.

दिगंबरने ते फारच मनाला लावून घेतलं. त्याची स्वतःची आई तो अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच वर्षी परभणीला वारली. तिला इथलं काही दाखवायचं राहून गेलं, तेव्हा दाखवण्यासारखं काही नव्हतंही. माझ्या आईशी त्याचं चांगलं जमायचं. ती थालीपीठ लावायची, तो तव्यापाशी उभा राहून खायचा. ती त्याला "दिगंबरराव" म्हणायची आणि हा एखाद्या शाळकरी मुलासारखा खूश व्हायचा. एरवी घरात त्याला राव म्हणणारं आहे कोण? मी अरे-तुरे करते, आई समोर असली की तेवढं "अहो". मुलगी स्वानंदी "बाबा, चिल" याच्या पलीकडे काही बोलत नाही. ऑफिसातही तसंच. एका विमा कंपनीची जुनीपुराणी प्रोग्रॅम्स तो गेली वीसेक वर्षं सांभाळतोय. ती बंद पडत नाहीत म्हणून तो कुणाला दिसत नाही.

विमानतळावर आईला सोडून घरी आल्यावर तो बूटही न काढता वर गेला, तिच्या खोलीत उभा राहिला आणि खाली येऊन म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात आईंना यायचंय. ती जमीन गरम झाली पाहिजे."

कॉन्ट्रॅक्टर सरळ पुढच्या मार्चची तारीख द्यायला लागला. मार्चमध्ये थंडी संपल्यावर जमीन गरम करून काय लोणचं घालायचं? म्हणून मग हा स्वतःच उतरला. आता भिंतीला खिळा ठोकायचा तर तीन व्हिडिओ बघून तो खिळा वाकडा ठोकणारा माणूस हा. स्वानंदी कॉलेजातून वीकेंडला आली होती, तिने गराजमधला पसारा बघितला आणि म्हणाली, "बाबा, जस्ट हायर समवन. प्लीज."

"आजीसाठी करतोय," तो म्हणाला.

"आय नो. दॅट्स व्हाय आय ॲम सेइंग."

पण त्याने ऐकलं नाही. दर शनिवार-रविवार तो पांढरा कागदी सूट घालून गराजमध्ये. आम्ही गाड्या बाहेर उभ्या करायला लागलो. आधी सगळं छत पट्ट्यापट्ट्यांनी कापून काढलं. मग बाहेरच्या भिंतीपाशी, जिथे तुळयांची टोकं येतात, तिथल्या फटी एकेक शोधून त्यात फोम भरला. फट शोधायला तो उदबत्ती वापरायचा. धूर हलला की तिथे फट. देवघरातला पुडा संपला तेव्हा मला कळलं. आमच्या गराजला तेव्हा मोगऱ्याचा वास येत होता, आणि शेजारची बाई कुत्रं फिरवताना थांबून आत डोकवायची.

नवीन इन्सुलेशन वर खुपसायच्या दिवशी हातांना, मानेला अशी खाज सुटली की तो रात्रभर तळमळला. नेमका आईचा फोन आला. "पित्त उठलंय, दुसरं काही नाही. आमसुलाचं पाणी लावा," असं तिने ठणकावून सांगितलं. काचेच्या तंतूंनी आलेली खाज ती, पित्ताचा काय संबंध? मी सांगून बघितलं. पण सासूचा शब्द मोडेल तो दिगंबर कसला. सोमवारी तो आमसुलाच्या पाण्याने रंगलेले गुलाबी-काळे हात घेऊन ऑफिसला गेला.

"काय म्हणाले लोक?" मी संध्याकाळी विचारलं.

"काही नाही. मॅनेजरने लांबूनच मीटिंग घेतली."

शेवटचं छत चढवायला त्याचा मित्र चारुदत्त आला. मोठाले बोर्ड वर धरायचे म्हणजे एकट्याचं काम नव्हतं. दोघं पन्नाशीतले, दोघांची पोटं शिडीला टेकणारी. पण संध्याकाळी काम संपलं तेव्हा दिगंबर ज्या तोऱ्यात हात पुसत होता ना, तसा मी त्याला लग्नातही बघितला नव्हता.

"एक नंबर झालंय यार," चारुदत्त वर बघत म्हणाला. "आईंना म्हणावं आता मोजे विसरून या."

"इन्सुलेशन आता फळ्यांना घट्ट चिकटून आहे. कुठे बोट घालायला जागा नाही," दिगंबर म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आईंना सांगितलंस ना? होत आलंय म्हणून?"

सांगितलं होतं. प्रत्येक फोनवर तोच विषय होता. छत काढलं, फटी बुजवल्या, हे झालं, ते झालं. आई "हो का? अगं बाई! एवढं कशाला?" म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर उठले होते. दिगंबर पेंट आणायला गेला होता. सहज आईला फोन लावला. आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ, पण रोज मी उशिरा करते, तिचं जेवण होऊन ती अंथरुणावर पडली की. आज तिने फोन उचलला आणि "थांब गं जरा, एवढा डाव होऊ दे" म्हणून तसाच खाली ठेवला.

मी ऐकत राहिले. मेंढीकोटाचा डाव रंगात आला होता. शेजारच्या सुवर्णाकाकू आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी रोज संध्याकाळी आईकडे जमतात हे मला माहीत होतं. ऐकलं मात्र कधी नव्हतं. पत्ते फटाफट पडत होते. "अगं सुवर्णे, दश्शी कशाला टाकलीस? एक्का बाहेर आहे ना अजून! डोक्यात काय भुसा भरलाय तुझ्या?" असं कुणीतरी करवादलं, पाठोपाठ सगळ्या खो खो हसल्या, आणि मला क्षणभर कळलंच नाही की तो आवाज माझ्या आईचा आहे. मोठा, खणखणीत, वर्गात मुलींना दटावताना असायचा तसा. पार्सिपनीत तीन महिने ती माझ्या घरात होती. हा आवाज तिने एकदाही काढला नव्हता.

डाव संपला. भांड्यांचा आवाज आला, आई चहा टाकायला गेली असावी. तेवढ्यात फोन सुवर्णाकाकूंनी उचलला. मी त्यांना लहानपणापासून ओळखते, शाळेत असताना माझ्या वेण्या आईपेक्षा त्यांनीच जास्त घातल्यात.

"नीला, तुला एक सांगते, रागावू नकोस," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तिला नाही गं यायचं तिकडं."

"आई म्हणाली असं?"

"ती कशाला म्हणेल! ती म्हणते, दिगंबररावांनी माझ्यासाठी घराचं छत फोडलं, अंगाला खाज सुटेपर्यंत राबले, आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"पण काकू, थंडीमुळे परत गेली ना ती? आता जमीन गरम—"

"थंडीचं काय घेऊन बसलीस!" काकू म्हणाल्या. "पाय गारठत होते, खरं आहे. त्यासाठी कोण परत येतं? दिवसभर एकटी असायची गं ती. तुम्ही दोघं कामावर, पोरगी कॉलेजात. बाहेर पडावं तर रस्त्यावर माणूस नाही. खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे रंग सांगायची मला फोनवर. पण लेकीला कसं सांगायचं, की तुझ्याकडं मला करमत नाही? म्हणून थंडीचं नाव पुढं केलं. आणि तुम्ही थंडीच घालवलीत की! आता दुसरं कारण कुठनं आणायचं तिनं?"

मागे कपबश्या वाजल्या आणि काकूंचा आवाज एकदम मोठा झाला. "हो हो, मजेत आहोत सगळे! घे गं गिरिजा, लेक आहे तुझी."

"हं, बोल. जेवलीस का?" आता आईचा आवाज पुन्हा फोनवरचा झाला होता. मऊ, जपून बोलणारा.

"सकाळ आहे आई इथे."

"हो की, विसरले. खोलीचं कुठवर आलं?"

"झालंच. रंग द्यायचा राहिलाय फक्त."

"झालं का... बरं झालं बाई. दिगंबररावांना म्हणावं, फार केलंत. मग आता तिकीट कधीचं काढताय?"

ऑपरेशनची तारीख विचारावी तसं विचारलं तिने. आणि मी, तिची एकुलती एक लेक, म्हटलं, "बघते आणि कळवते."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. इंजिनियर असले तरी मी इथे एका डेंटिस्टच्या ऑफिसात बिलिंग बघते. तिथे दोन पेशंटांची बिलं उलटसुलट लावली. दिगंबरला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तेही लपवत नाही. मी गप्प राहिले असते तर आई आली असती. भिडेपोटी का होईना, आली असती. सहा महिने माझ्या घरात राहिली असती. मला ती हवी होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने असं म्हणू नये म्हणतात, पण हवी होती. हिवाळ्यात पाच वाजताच काळोख पडतो इथे. ऑफिसातून येऊन गाडी आमच्या दाराशी वळवली की गराजवरच्या खिडकीत दिवा दिसायचा आणि माझ्या जिवाला एकदम बरं वाटायचं. घरात कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख मला इतक्या वर्षांत या देशाने दिलं नव्हतं. घरात शिरले की आई वरूनच विचारायची, "आलीस का गं?" त्या तीन शब्दांसाठी मी दिवसभराचं सगळं विसरायचे.

आता कळत होतं की मी यायच्या आधी ती तिथे बसून गाड्यांचे रंग मोजत होती.

मग मी स्वतःशी भांडायचे. नोकरी सोडू का? पार्ट टाइम करू का? आपल्या भागातल्या दोन-चार म्हाताऱ्या बायका गोळा करून मेंढीकोट जमवू का? एका संध्याकाळी मी खरंच मराठी मंडळातल्या दोघींना फोन करून विचारलंसुद्धा, त्यांच्या सासवा पत्ते खेळतात का म्हणून. एकीची सासू डॅलसला मुलीकडे गेली होती. दुसरी म्हणाली, "त्या दिवसभर टीव्ही बघतात गं, त्यांना राइड कोण देणार?" आणि समजा जमल्या असत्या चौघी. सुवर्णाकाकूंना जसं "डोक्यात भुसा भरलाय" म्हणता येतं, तसं इथे कुणाला म्हणणार होती ती? त्यासाठी चाळीस वर्षांचा शेजार लागतो.

इकडे दिगंबरचा उत्साह बघवत नव्हता. रंग झाला. इस्त्रीचं टेबल आणि कंप्युटर तळघरात गेले. आईची गादी त्याने स्वतः उन्हात टाकली, पुन्हा खिडकीशी अंथरली. त्या आठवड्यात पहिली कडक थंडी पडली, गवतावर सकाळी पांढरी साय धरल्यासारखं दिसायला लागलं. रोज उठल्याबरोबर तो अनवाणी त्या खोलीत जाऊन फेऱ्या मारायचा.

"हॉलपेक्षा इथेच बरं वाटतंय," तो म्हणायचा. "तू ये ना, पाय लावून बघ."

"नंतर बघते," मी म्हणायचे. माझी त्या खोलीत पाऊल टाकायची हिंमत होत नव्हती.

शनिवारी सकाळी त्याने लॅपटॉप उघडून विमानं शोधून ठेवली. "आज आईंना विचारून टाकू. थँक्सगिव्हिंगच्या आधी आल्या तर बरं. तू फोन लाव, वर खोलीतच लाव, म्हणजे त्यांना दाखवता येईल. मी चहा घेऊन येतो."

मी वर गेले. चपला दाराशी काढायची सवय आहे, काढल्या. पाय आत टाकला.

जमीन उबदार होती. गरम नव्हे, हीटरची असते तशी नव्हे. दुपारच्या उन्हानंतर आमच्या मिरजेच्या गच्चीची असायची तशी, पायाला लागताच अंगभर पसरणारी. मी तिथेच उभी राहिले. एवढ्या सुखाचं काम माझ्या नवऱ्याने आपल्या हातांनी केलं होतं, आणि मला रडू फुटलं.

डोळे पुसून व्हिडिओ लावला. आईने लगेच उचलला. केस नीट विंचरलेले, चांगलं पातळ. माझ्यासाठी तयार होऊन बसली होती. ओठांवर हसूसुद्धा आधीच आणून ठेवलं होतं. मागे तिच्या टेबलाच्या कडेला पत्त्यांचा कॅट दिसत होता.

"काय गं, झाली का खोली गरम?" ती म्हणाली.

तिचा चेहरा मी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. त्या हसण्याला ती किती घट्ट धरून बसली होती! नुसतं "हो" म्हटलं असतं तर ती "वा वा" म्हणाली असती, बॅग भरायला लागली असती, लोणच्याच्या बरण्यांना प्लॅस्टिक गुंडाळलं असतं. आणि संध्याकाळी मला वरून हाक ऐकू आली असती.

"नाही गं आई," मी म्हटलं. "गारच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जमली नाही. पाय ठेववत नाही जमिनीवर."

दारात कप वाजले. दिगंबर दोन्ही हातांत चहा घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे.

"पण दिगंबरराव तर म्हणत होते, चांगलं झालंय म्हणून," फोनमधून आई म्हणत होती. "चारुदत्तही आले होते ना मदतीला?"

दिगंबरने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, माझ्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार आई," तो म्हणाला. "नीला बरोबर सांगतेय. माझंच काम कच्चं राहिलं. कुठून तरी वारा येतोच आहे."

"अहो, पण एवढं केलंत तुम्ही—"

"केलं, पण नाही साधलं. आता सगळं छत पुन्हा उघडायचं तर पुढचा उन्हाळा येईल. यंदाच्या थंडीत तुम्हाला नाही सोसायचं. मी उगीच तुम्हाला आशा लावली."

फोनच्या पडद्यावर आईचे खांदे खाली आले. त्याआधी ते वर होते हे मला तेव्हा कळलं.

"अहो, वाईट वाटून घेऊ नका बरं का," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलत गेला. मोकळा, मोठा. "होतं असं. मी बावीस वर्षं शिवण शिकवलं, तरी ह्यांचा पहिला सदरा कापला तो दोन्ही हात डावे. दोन्ही! हसता काय? घातला बिचाऱ्यांनी तसाच एक दिवस. तुम्ही जिवापाड केलंत, मला पोचलं. आणि मी इथं ठीक आहे हो. अगदी ठीक आहे."

"उन्हाळ्यात या मग."

"हो हो, उन्हाळ्यात बघू," आई म्हणाली. बघू म्हणजे काय, ते आम्हा दोघांना कळलं. "नीला कुठंय? रडतेयस का गं? वेडी कुठली. अगं एका थंडीनं काय होतंय. थांब, दार वाजलं. या गं या, बसा, आलेच मी! सुवर्णा आली बघ. चौघी झालो, ठेवते हं. उद्या कर फोन."

आणि तिने फोन ठेवला. आजवर आईने स्वतःहून कधी फोन ठेवला नव्हता. तू ठेव, नाही तू ठेव, असं करत शेवटी मीच ठेवायचे.

दिगंबर काळ्या पडद्याकडे बघत होता.

"त्यांना यायचं नव्हतं," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"नव्हतं. तुला कसं कळलं?"

"आईंसमोर तू मला कधी कमी दाखवत नाहीस. आज दाखवलंस."

मी त्याला सगळं सांगितलं. सुवर्णाकाकूंचा फोन, खिडकीतल्या गाड्या, मेंढीकोट, आणि आठवडाभर मी का गप्प बसले तेही. तो ऐकत राहिला. मधे एकदा फक्त म्हणाला, "रंग सांगायच्या?" आणि मान दुसरीकडे फिरवली. मी म्हटलं, "चारुदत्तला काय सांगायचं?"

"तेच. काम फसलं म्हणून." तो थोडा हसला. "त्याची बहीण सांगलीला असते. खरं तिच्या कानावर गेलं की आईंपर्यंत पोचायला वेळ लागत नाही."

चहा निवत चालला होता. दोघांनाही घ्यायचा नव्हता. दिगंबर आईच्या गादीशेजारी गुडघे टेकून बसला, तळहात जमिनीवर पालथा ठेवला आणि सावकाश फिरवत राहिला.

"चांगली ऊब आहे गं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी खाली बसले.